लहान आहे, मठ्ठ नाही!

दर वर्षी १ जून उजाडला की माझ्या मुलाच्या फोनवर सकाळपासून शुभेच्छांचे संदेश यायला लागतात. बँकेचा येतो, विमा कंपनीचा येतो, ऑफिसातून येतो. तो फोन माझ्यासमोर धरतो आणि म्हणतो, "आई, बघ. तुझ्या कृपेने आज माझा वाढदिवस!" सूनबाई हसते, नात टाळ्या पिटते. मीही हसते. पण मैत्रिणींनो, खरं सांगू? त्या हसण्याच्या आत दर वर्षी एक बारीकसा काटा सलतो.

कारण माझा मुलगा १ जूनला जन्मलेलाच नाही. तो जन्मला २४ ऑक्टोबर १९८३ला, दिवाळीच्या तोंडावर, माझ्या माहेरी. १ जून ही तारीख त्याच्या नावापुढे शाळेत लिहवून घेतली ती मी. हट्टाने, गोड बोलून, ओळख काढून.

तुमच्याही सासरी-माहेरी १ जूनला जन्मलेली दोन-तीन माणसं असतील, पाहा बरं आठवून! आमच्याकडे सासरे १ जूनचे, त्यांचे धाकटे भाऊ १ जूनचे आणि शेजारचे तात्याही १ जूनचेच. पूर्वी खेड्यापाड्यांत जन्माची नोंद कोण ठेवत होतं? पोराला शाळेत नेऊन उभं केलं की गुरुजी अंदाजाने साल धरत, आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून तारीख १ जून टाकत. सासऱ्यांच्या वेळी ती गरज होती. मी मात्र तारीख ठाऊक असून खोटी सांगितली. का सांगितली, त्याचं काय झालं, आणि आज नातीच्या वेळी आम्ही काय केलं, तेच तुम्हांला सांगायचं आहे. तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी या घटकेला "औंदा पहिलीत घालायचं की थांबायचं?" हा प्रश्न चहाबरोबर रोज उकळत असेल, याची मला कल्पना आहे.

सातारा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. घर एकत्र. थोरल्या जाऊबाईंचा मुलगा जुलै १९८२चा आणि माझा ऑक्टोबर १९८३चा. दोघांत पंधरा महिन्यांचं अंतर. पण दोघं एका ताटात जेवायचे, एका गादीवर लोळायचे. १९८८च्या जूनमध्ये जाऊबाईंनी मुलासाठी नवं दप्तर आणलं. माझ्या लेकाने ते पाठीला लावलं आणि सगळ्या घरभर मिरवला. झालं! माझ्या मनाने घेतलं, हाही जाईल. तेव्हा आपल्याकडे पहिलीला पाच वर्षं पूर्ण लागायची, आणि याला भरत होते चार वर्षं आठ महिने.

लोकांना मी सांगत होते, "पोराचं एक वर्ष वाचेल." पण आज लपवून काय करू? माझ्या पोटात तेव्हा धाकटी होती. सातवा महिना. दिवसभर हा पायांत घुटमळायचा आणि स्वयंपाक माझ्या वाट्याला. सकाळी दोघं भाऊ हात धरून शाळेत गेले की अकरा ते पाच घर शांत राहील, हा माझा हिशोब होता. शिवाय जाऊबाईंचा मुलगा शिकेल आणि माझा मागे राहील, ही बोचणीही होतीच. शाळेतले एक गुरुजी ह्यांच्या ओळखीचे. जन्माचा दाखला माहेरच्या ग्रामपंचायतीतून नंतर आणून देतो म्हटलं. तो नंतर कधी आणला नाही आणि कुणी मागितलाही नाही. रजिस्टरात १ जून १९८३ अशी नोंद झाली. त्या दिवशी मी साखर वाटली हो!

पहिले पंधरा दिवस कौतुकात गेले. मग संध्याकाळी अभ्यासाची बैठक सुरू झाली. सोप्यात शहाबादी फरशीवर दोघं पाट्या घेऊन बसत. पुतण्या भराभर लिही. त्याची अक्षरं ओळीत बसत, एक ते पन्नास तो घडाघडा म्हणे. माझा मुलगा पेन्सिल मुठीत धरी. 'ब'ची रेघ विसरे, बाराचे एकवीस करी, आणि मधेच उठून अंगणात मुंगळ्याच्या मागे जाई. जाऊबाई स्वभावाने चांगल्या. त्या काही बोलत नसत. पण त्यांचं न बोलणंच मला टोचायचं.

एका संध्याकाळी धाकटी पाळण्यात रडत होती, चुलीवर... म्हणजे स्टोव्हवर दूध उतू चाललं होतं, आणि याने सहाव्यांदा बाराचे एकवीस केले. माझ्या हाती फूटपट्टी होती. मी त्याच्या उजव्या हातावर ती दोनदा मारली. तो रडला नाही. हात मागे घेऊन माझ्याकडे बघत म्हणाला, "आई, मला उद्या येईल."

मैत्रिणींनो, हे वाक्य मला तेव्हा उद्धटपणाचं वाटलं. त्याबद्दल त्याला तिसरीही बसली. ते वाक्य किती खरं होतं, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

प्रगतिपुस्तकात शेरा आला, "लक्ष नसते." दुसऱ्या सत्रात, "मंद आहे. घरी अभ्यास घ्यावा." आता 'मंद' हा शब्द एकदा घरात आला की तो काय करतो ते तुम्ही जाणताच. सोप्यातून माजघरात, माजघरातून परसात, तिथून शेजारी. कुणी पाहुणा आला की पुतण्याला पाढे म्हणायला पुढे करायचे आणि माझ्या मुलाला पाण्याचा तांब्या आणायला धाडायचे. असं करा म्हणून कुणी ठरवलं नव्हतं. आपोआपच तशी रीत पडली.

१९८९च्या जूनमध्ये दुसरीला बदलून आलेल्या एक बाई मिळाल्या. उंच, सावळ्या, आवाज अगदी मऊ. सप्टेंबरात त्यांनी मला शाळेत बोलावलं. मला वाटलं, आता काय ऐकावं लागतंय! पण त्या म्हणाल्या, "वहिनी, मला एक कोडं उलगडत नाही. तुमचा मुलगा गोष्ट इतकी छान सांगतो, एकदा ऐकलेलं गाणं विसरत नाही. पण लिहायला बसला की गळपटतो. मधल्या सुट्टीत आपल्या वर्गात खेळत नाही, पहिलीतल्या मुलांत जाऊन खेळतो. मला वाटलं, वयाने लहान असेल. म्हणून रजिस्टर काढून पाहिलं. तर तारीख १ जून. म्हणजे वय नियमात बसतं. मग असं का व्हावं? एकदा डोळे-कान तपासून घ्या."

आता इथे मी तोंड उघडायला हवं होतं की नाही? नाही उघडलं. खोटी तारीख मीच दिली, हे कोणत्या तोंडाने सांगू? मी मान हलवून घरी आले.

घरी एकच घबराट. सासूबाईंनी देवापुढे नारळ ठेवला. ह्यांनी दोन दिवसांची रजा काढली आणि आम्ही त्याला मिरजेला घेऊन गेलो. एस.टी.त तो खिडकीशी बसला होता, गावांच्या पाट्या वाचायचा प्रयत्न करत होता. मधेच म्हणाला, "बाबा, माझ्या डोक्याला काय झालंय?" ह्यांनी तोंड फिरवलं. मी पदर तोंडाला लावला.

डॉक्टरांनी डोळे पाहिले, कान पाहिले. वय विचारलं. हे शाळेच्या हिशोबाने म्हणाले, "सव्वासहा." आणि कोण जाणे कसं, माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही हो. पुढच्या महिन्यात सहा पूर्ण होतील."

डॉक्टरांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "अजून सहा पूर्ण नाहीत, आणि पोरगं दुसरीत?" एवढंच म्हणाले. मग कागदावर लिहिलं, डोळे उत्तम, कान उत्तम. फीसुद्धा निम्मीच घेतली.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. बोलताना घसा भरून आला. बाई रागावल्या नाहीत. रजिस्टर मिटून म्हणाल्या, "अहो, मग मुलगा मठ्ठ नाही, लहान आहे. एवढंच. माझ्या वर्गातली काही मुलं त्याच्याहून सव्वा वर्षाने मोठी आहेत. या वयात सव्वा वर्ष म्हणजे केवढं!"

त्या दिवशी मी घरी येऊन बोटांवर हिशोब केला. पहिलीत घातला तेव्हा माझा मुलगा छप्पन्न महिन्यांचा होता आणि पुतण्या एकाहत्तर महिन्यांचा. अंतर पंधरा महिने. म्हणजे माझ्या मुलाने जन्मल्यापासून जेवढं आयुष्य पाहिलं होतं, त्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त काळ पुतण्याने जादा पाहिला होता. बोटं तेवढी जास्त बळकट, जीभ तेवढी जास्त वळलेली, एका जागी बसायची सवय तेवढी जास्त. आणि मी दोघांच्या पाट्या शेजारी-शेजारी ठेवून हुशारी मोजत होते! घरच्या तराजूत एका पारड्यात सव्वा किलोचं वजन आणि दुसऱ्यात किलोचं ठेवावं, आणि दोष वांग्यांना द्यावा, तसाच हा प्रकार.

सासूबाईंना मी रात्री सांगितलं. म्हणाल्या, "अगं, आढीतला आंबा रोज चाचपून पिकतो होय? चाचपलेला नुसता मऊ पडतो. राहू दे लेकराला जरा."

बाईंनी काही जादू केली नाही. त्याला पुढच्या बाकावर बसवलं. दिवाळीपर्यंत वही बंद, पाटीच. गणिताला रोज थोडा वेळ पहिलीत पाठवायच्या. उत्तरं तोंडी घ्यायच्या. दुसरीतच आणखी एक वर्ष ठेवू का, असंही त्यांनी विचारलं. पण आम्ही नको म्हटलं. त्या काळी त्याला 'नापास'च म्हणायचे, आणि तो शिक्का आम्हांला आणखी एक नको होता. मी घरी एकच केलं. दोघांना एका वेळी अभ्यासाला बसवणं बंद केलं.

तरी सगळंच भरून आलं असं नाही. चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी शाळेने निवडक मुलं काढली. पुतण्या त्यांत होता, माझा नव्हता. निवडलेल्यांना सकाळी जादा तास, वेगळी पुस्तकं. म्हणजे बघा, मोठा म्हणून पुढे, पुढे म्हणून निवडला, आणि निवडला म्हणून आणखी पुढे! मागच्याला मात्र कुणी जादा तास घेत नव्हतं.

सातवीच्या सुमाराला अंतर दिसेनासं होऊ लागलं. १९९८ला दोघं दहावीला बसले तेव्हा दोघांच्या टक्केवारीत जेमतेम चारांचा फरक. का दिसेनासं झालं असेल? तोच हिशोब पुन्हा करा. पंधरा महिने पंधरा महिनेच राहिले, पण आता ते चौदा-साडेचौदा वर्षांतले पंधरा. चौथा हिस्सा होता तो आता अकरावा-बारावा झाला.

माझी धाकटी लेक, तीच तेव्हा पोटात होती ती, आता अध्यापक विद्यालयात शिकवते. तिला मी एकदा हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "आई, तू जे भोगलंस त्यावर जगभर अभ्यास झालेत." तिने सांगितलेलं तुम्हांला सांगते. केली बेडार्ड आणि एलिझाबेथ ड्युई या दोघी अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी २००६ साली बऱ्याच देशांतल्या मुलांचे गणिताचे आणि विज्ञानाचे गुण तपासले. शंभर मुलं गुणांप्रमाणे ओळीत उभी केली, तर चौथीच्या वयात वर्गातली सर्वांत लहान मुलं सर्वांत मोठ्या मुलांहून ४ ते १२ जागा मागे होती. आठवीच्या वयात २ ते ९ जागा. म्हणजे अंतर कमी होतं, पण लगेच पुसलं जात नाही.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला २०१२ सालचा अभ्यास ऐकून तर माझ्या अंगावर काटाच आला. तिथे वयाची तारीख ३१ डिसेंबर. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल वर्गात सर्वांत लहान आणि जानेवारीतलं सर्वांत मोठं. नऊ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी पाहिल्या, तर लक्ष न लागण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार आहे असं निदान डिसेंबरातल्या मुलग्यांच्या बाबतीत जानेवारीतल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त आणि मुलींच्या बाबतीत ७० टक्क्यांनी जास्त झालेलं होतं. आता विकार काय जन्माचा महिना पाहून येतो? म्हणजे काही लेकरांचं नुसतं लहानपणच दुखणं ठरलं असणार. मला मिरजेची एस.टी. आठवली.

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे, तीही सांगितली पाहिजे. नॉर्वेतल्या २०११ सालच्या अभ्यासात दिसलं, की शाळा लवकर सुरू केली की उशिरा, याचा अठराव्या वर्षीच्या बुद्धिमापनावर फारसा परिणाम नव्हता. कमाईतला फरकही तिशीपर्यंत उरला नाही. फिनलंडमध्ये मुलं सातव्या वर्षी शाळेत जातात, पण तोवर ती घरी नुसती बसलेली नसतात. खेळ, गाणी, गोष्टी, मातीकाम सगळं चालू असतं. आणि हे आपल्याला परकं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला, आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला, अंगणात मुलं गोळा करून हेच तर केलं होतं.

मग माझ्या मुलाचं काय बिघडलं? तुम्ही विचाराल. चांगला शिकला, नोकरीला लागला, संसार थाटला. गुण भरून आले. पण दोन वर्षांपूर्वी एकदा सूनबाईने काही कागद समजावून सांगितला, तर पटकन म्हणाला, "थांब, मला पुन्हा सांग. मी लहानपणापासून जरा मंदच आहे." चाळिशीचा माणूस! विनोदाने म्हणाला, सूनबाईही हसली. मी पोळी लाटता लाटता थांबले. अंतर दहावीपर्यंत मिटलं होतं, शब्द मिटला नव्हता.

आता नातीची गोष्ट. ती १८ डिसेंबर २०१९ची. महाराष्ट्रात २०२० सालच्या शासन निर्णयाने पहिलीच्या वयासाठी ३१ डिसेंबर ही तारीख धरली. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत ज्याला सहा पूर्ण होतील त्याला जूनमध्ये पहिलीत घेता येतं. म्हणजे २०२५च्या जूनला आमची छकुली साडेपाच वर्षांची असतानाच पहिलीत बसू शकत होती. तिच्या शेजारी साडेसहाचं मूल येणं सहज शक्य. केंद्रीय विद्यालयांनी २०२२ पासून ३१ मार्चला सहा पूर्ण हा नियम केला. २०२० सालचं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही पहिलीला सहा पूर्ण धरतं. तिथे तिला थांबावंच लागलं असतं. नियम असे वेगवेगळे, म्हणून आईबापांची ओढाताण.

जानेवारीत पुण्याला मुलाच्या घरी गेले तेव्हा हाच विषय. सूनबाई म्हणाली, "आई, खालच्या मजल्यावरच्या सगळ्या म्हणतात, नियमात बसतंय तर वर्ष कशाला घालवता?" मला माझाच आवाज ऐकू आला. मी काही बोलले नाही. मुलगा म्हणाला, "आई, तू सांग."

मी म्हटलं, "मी सांगणार नाही. पोरीलाच बघू."

आठ दिवस आम्ही तिला नुसतं पाहिलं. डबा स्वतः उघडते का? उघडते. बटणं लावते? वरची दोन राहतात. एका जागी गोष्ट ऐकत बसते? पंधरा मिनिटं छान. शू लागली तर परक्या बाईंना सांगते? नाही, मुकाट बसते. पेन्सिल? मुठीत. अगदी बापासारखी! शिवाय बालवाडी घराजवळ, तिथल्या ताई प्रेमळ, मोठ्या गटात आणखी वर्षभर राहिली तर खेळत-गात राहील. घरात तिच्याशी बोलायला माणसं आहेत. आम्ही थांबायचं ठरवलं.

पण तुम्ही लगेच असं समजू नका, की थांबणं हेच सगळ्यांना बरं. त्याच महिन्यात गावी आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींनी विचारलं, "वहिनी, माझी नात नोव्हेंबरची. तुमच्या नातीला ठेवलंत, मीबी ठेवू का?" मी विचारलं, ठेवलीत तर दिवसभर काय करेल? म्हणाल्या, "काय करणार! तिची आई कामाला जाते, धाकट्याला सांभाळेल. अंगणवाडी तर झाली तिची." मी म्हटलं, मावशी, मग घाला शाळेत! शाळेत बाई आहेत, पोषण आहार आहे, बरोबरीच्या मुली आहेत. घरी ठेवून मूल वाढ घेतं ते घरात त्याला काही मिळत असेल तर. भाऊ कडेवर घेऊन वर्ष गेलं, तर ते वर्ष खरंच वाया. फक्त मी मावशींबरोबर शाळेत गेले आणि बाईंना सांगितलं, "ही वर्गात लहान आहे बरं का. तिला जरा सवड द्या." बाईंनी नावापुढे वहीत खूण केली. मला बरं वाटलं.

एकाच वयाच्या दोन मुली, एकीला थांबा म्हटलं, एकीला जा. विसंगत वाटतं ना? पण प्रश्न नुसत्या वयाचा नाहीच. वाढीव वर्ष मूल कुठे आणि कशात घालवणार, हा प्रश्न आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, माझ्या चुकीतून तुमच्यासाठी चार गोष्टी काढून ठेवते.

पहिली, तारीख खरी लिहा. खोट्या तारखेने माझ्या मुलाचं लहानपण शाळेच्या नजरेआड केलं. ज्या बाई त्याला समजून घ्यायला निघाल्या होत्या, त्यांची वाट मीच अडवली. आता दाखला लागतोच, पण "घ्या हो जरा ॲडजस्ट करून" म्हणणाऱ्या आया अजून भेटतात.

दुसरी, तुलना करायचीच असेल तर आधी महिने मोजा. जावेचा, नणंदेचा, शेजारणीचा मुलगा आपल्याहून किती महिन्यांनी मोठा आहे ते काढा, आणि मग तोंड उघडा. बहुतेक वेळा उघडावंसं वाटणारच नाही.

तिसरी, मूल जूननंतर कधीतरी सहा पूर्ण करणार असेल, म्हणजे वर्गात लहानांत असेल, तर शाळा सुरू होताच बाईंना जाऊन सांगा. त्यांच्यापुढे चाळीस-पन्नास मुलं असतात. प्रत्येकाची तारीख त्यांच्या ध्यानात राहील कशी? आणि पुढे बाईंनी "लक्ष नसतं" म्हटलं, तर डोळे-कान जरूर तपासा. खरी अडचण असेल तर ती लवकर कळलीच पाहिजे. पण डॉक्टरांपुढे आणि बाईंपुढे मुलाचं वय महिन्यांसकट सांगा.

चौथी, मंद, मठ्ठ, ढ हे शब्द घरातून हद्दपार करा. मुलाच्या कानावर गेलेला शब्द परत घेता येत नाही.

आणि हो, २०२५च्या जूनमध्ये छकुली मोठ्या गटात गेली. अर्ज मुलाने स्वतः भरला. जन्मतारखेच्या रकान्यात १८ डिसेंबर लिहिलं आणि तो कागद माझ्याकडे सरकवून म्हणाला, "आई, तारीख नीट बघून घे बरं!"

मी चष्मा लावून पाहिली. मग धीर करून त्याला पस्तीस-छत्तीस वर्षं उशिरा सांगितलं, "तू कधीच मंद नव्हतास रे. तू लहान होतास. तू म्हणायचास, मला उद्या येईल. मीच उद्यापर्यंत थांबले नाही."

तो काही बोलला नाही. उठून चहाचं आधण ठेवलं त्याने, माझ्या कपात अर्धा चमचा साखर जास्त घातली. छकुली पाटीवर अंक काढत होती. बाराचे एकवीस केले होते तिने. मी म्हटलं, "वा! छान काढलेस गं."